सर्टिफिकेट दुसऱ्याच्या नावाने, हात तुझे: ब्लास्टिंगच्या लाइनमध्ये राहू का?

प्रश्न: काका नमस्कार. मी नागपूरचाच, उमरेड रोडकडे एका गिट्टीच्या खदानीत कामाला आहे. वय २४. बारावी झाली, आयटीआय फिटर केलं आणि तीन वर्षांपासून ड्रिल मशीनवर हेल्पर आहे. आमच्याकडे ब्लास्टिंगचं सर्टिफिकेट ज्यांच्या नावाने आहे ते महिन्यातून एखाद्या वेळी येतात आणि सह्या करून जातात. होल भरणं, कनेक्शन, फायर सगळं मीच करतो, सेठ दर ब्लास्टचे वेगळे पैसे देतो. काम मला जमतं आणि आवडतं पण. मित्र म्हणतो नोएडाच्या ट्विन टॉवरवाल्यांसारखं डिमोलिशनमध्ये, म्हणजे बिल्डिंगी पाडायच्या कामात जा, तिथे लाखात पैसा आहे. पण बाजारगावच्या कारखान्यातल्या स्फोटाची बातमी आली तेव्हापासून आई रोज विषय काढते, रडते, आणि दोन स्थळं याच कामामुळे परत गेली. लाइन सोडू की राहू? राहायचं तर कोणतं सर्टिफिकेट काढू? (नाव छापू नका.)

उत्तर:

बेटा, लाइन सोडायची की राहायचं हे आपण बोलू, सर्टिफिकेटचंही बोलू, पण त्याच्या आधी एक गोष्ट. उद्यापासून होल भरायला हात लावू नकोस. ड्रिलवर राहा, कॉम्प्रेसर सांभाळ, क्रशरवर पाठवलं तर तिकडे जा, पण ज्याच्या नावाचा कागद आहे तो माणूस तिथे उभा नसेल तर डिटोनेटर, म्हणजे बारूद पेटवणारी टोपी, हातात घ्यायचा नाही. सेठ नाराज होईल, वरचे पैसे बंद होतील, होऊ दे.

काहून एवढं जोर देऊन सांगतोय ते ऐक. स्फोटकांचा कायदा आपल्याकडे १८८४ पासून आहे, त्याखालचे आत्ताचे नियम २००८ चे, आणि या सगळ्याचा गाभा एकच आहे की बारूद कोणाच्या ताब्यात होती आणि ती कोणी उडवली हे नावानिशी कागदावर पाहिजे. मॅगझिनमधून, म्हणजे बारूदच्या कोठारातून किती काढली, किती वापरली, किती परत ठेवली, सगळं. तुमच्या खदानीत कागद एक सांगतो आणि फेसवर, म्हणजे दगड फोडायच्या कड्यावर दुसरंच चालतं. ज्या दिवशी काही होईल त्या दिवशी ते सह्या करणारे म्हणतील मी तर तिथे नव्हतोच, सेठ म्हणेल याला हात लावायला कोणी सांगितलं होतं, आणि तू रजिस्टरमध्ये ड्रिल हेल्पर, तेही नाव चढवलं असेल तर. दुसऱ्याला लागलं तर गुन्हा तुझ्यावर, तुला लागलं तर नुकसानभरपाईसाठी तुझ्या आईने दारोदार फिरायचं. दर ब्लास्टला मिळणारे ते चार पैसे नेमके याच जोखमीचे आहेत, तुझ्या हुशारीचे नाहीत.

आता तू लिहिलंस की काम जमतं. जमत असेल, मी नाही म्हणत नाही, तीन वर्षं फेसवर उभा राहिलेला पोट्टा पुष्कळ शिकतो. पण दगड फुटला म्हणजे काम जमलं असं या धंद्यात नसतं रे. चुकीचं भरलेलं होल पण बहुतेक वेळा फुटतंच, आणि तिथेच माणूस फसतो.

चांगला ब्लास्टर होल भरायच्या आधी काय करतो ते बघ. टेप सोडून एकेक होल मोजतो, कारण रात्रीतून होल ढासळतं, पाणी भरतं, मधेच गोटा अडकतो, आणि काल ड्रिलरने लिहिलेली खोली आज खरी नसते. मग खाली उतरून समोरून फेस बघतो, पहिल्या लाइनीच्या होलपुढे दगड किती उरलाय, मागच्या ब्लास्टने कुठे कपारी पडल्यात का, कुठे मऊ पट्टा आहे का. नागपूरच्या पश्चिमेकडच्या काळ्या दगडात तर दोन थरांच्या मधे लाल मातीसारखा थर लागतो, गॅसला तिथून वाट मिळाली की दगड कुठच्या कुठे उडतो. भरतानाही तो मधेमधे टेप टाकून बघत राहतो की बारूद किती वर आली. हिशोबाने जेवढी वर यायला पाहिजे तेवढी आली नाही म्हणजे आत भेग आहे नाहीतर पोकळी आहे आणि माल तिकडे जाऊन साचतोय. अशा होलमध्ये अजून एक बॅग ओत म्हणणारा ब्लास्टर नाही, मग त्याच्याकडे कितीही वर्षांचा अनुभव असो. तिथे थांबायचं असतं. तुला हे कोणी शिकवलंय का? तुझ्या पत्रात होल भरणं, कनेक्शन, फायर एवढेच शब्द आहेत. मोजणं आणि बघणं त्यात कुठे नाही, म्हणून विचारतोय.

आणि फायरनंतरचं काम तर त्याहून मोठं. धूर निवळेपर्यंत कोणी आत जायचं नाही, धूर पिवळट नारंगी असेल तर अजिबातच नाही. तो नायट्रोजन ऑक्साइडचा धूर, नाकात गेला तर त्या वेळी थोडा खोकला येतो आणि माणूस विसरून जातो, श्वास अडकायला लागतो तो काही तासांनी, घरी गेल्यावर. मग ब्लास्टर सगळ्यांच्या आधी फेसवर जातो आणि ढिगारा बघतो, कुठे होल न फुटता उभं आहे, कुठे डिटोनेटरला जोडलेली नोनेलची नळी दगडातून बाहेर डोकावतेय, कुठे बारूदची अख्खी कांडी पडलीय. त्याने बघितलं नाही तर ते सापडतं पोकलेनच्या बकेटला. तू ड्रिलवर आहेस म्हणून एक अजून सांगतो आणि हे मनात पक्कं बसव, फुटलेल्या बेंचवर, म्हणजे खदानीच्या पायरीवर, जुन्या होलचं बूड उरलेलं दिसतं ना, सॉकेट म्हणतात ते, तिथे बिट आयतं बसतं, सरकत नाही, म्हणून नवीन पोट्टे तिथेच ड्रिल लावतात. त्या बुडाशी न फुटलेली बारूद राहिलेली असू शकते. तिथे ड्रिल करायला नियमाने साफ मनाई आहे. कोणीही सांगितलं तरी करायचं नाही, आणि बाजूचा करत असेल तर त्यालाही थांबव.

मी नोकरी मँगनीजच्या खदानीत काढली. तिथे एक जुना ब्लास्टर होता, शाळा फारशी झालेली नव्हती. एकदा सगळी लाइन भरून तयार, झेंड्या लागल्या, सायरन झाला, आणि पलीकडच्या पांदणीवर एक बाई शेळ्या घेऊन येताना दिसली. गार्ड म्हणाला निघून जाईल ती, साहेब घड्याळाकडे बघत होते कारण शिफ्ट संपत आली होती. याने एक्सप्लोडरची, म्हणजे फायर करायच्या मशीनची चावी काढली, खिशात टाकली आणि तिथेच दगडावर बसला. कोणाशी वाद नाही, आवाज नाही. ती बाई शेळ्यांना बोरीचा पाला खाऊ घालत घालत तिच्या चालीने गेली, रस्ता मोकळा झाला अशी खूण गार्डने केली तेव्हा हा उठला. साहेब एक शब्द बोलले नाहीत, कारण ती चावी ब्लास्टरजवळच राहते आणि ती लावायची की नाही हे ठरवायचा हक्क त्याचा असतो. मोठ्या ओपनकास्टमध्ये, म्हणजे उघड्या खाणीत, ५०० मीटरपर्यंतचा घेरा रिकामा करावा लागतो, आणि त्या घेऱ्यातला प्रत्येक जीव त्या एका माणसाच्या जबाबदारीवर असतो.

म्हणून मी तुला पगाराच्या आधी हेच विचारतो, तू तुझ्या सेठला आज नाही म्हणू शकतोस का? आभाळ भरून आलंय, विजा चमकताहेत, आज भरायचं नाही. रस्त्यावर गार्ड कमी आहे, आज फायर नाही. म्हणू शकत नसशील तर तू ब्लास्टर नाहीस, सेठच्या हातातला माणूस आहेस. आणि तो हक्क सर्टिफिकेटने मिळतो, म्हणून सर्टिफिकेट काढायचं. नोकरीच्या जाहिरातीत मागतात म्हणून काढणं हे दुसरं कारण झालं.

आता सर्टिफिकेट. इथे पोरांचा नेहमी गोंधळ होतो कारण दोन वेगळी दारं आहेत. खदानीतलं ब्लास्टिंग डीजीएमएसकडे येतं, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय, मुख्य ऑफिस धनबादला पण नागपूरला त्यांचं ऑफिस आहे. तुला कोणी सांगेल की गिट्टीच्या खदानीला मायनिंगचे नियम लागत नाहीत, छोटी आहे. ऐकू नको. १९५२ च्या खाण कायद्यात गिट्टी मुरमाच्या छोट्या खदानींना सूट होती हे खरं, पण त्या सुटीच्या अटीतच लिहिलेलं होतं की खोली ६ मीटरच्या आत, माणसं ५० च्या वर नाहीत आणि स्फोटकं वापरायची नाहीत. बारूद आली की सूट गेली. तिथे लागतं ते ब्लास्टरचं सर्टिफिकेट, ते मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स १९६१ खाली मिळतं, आणि त्याच्यावरचं मायनिंग मेटचं, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्याचं. कोळशाची लाइन वेगळी, तिथे मेटच्या जागी मायनिंग सरदार आणि ब्लास्टरच्या जागी शॉटफायरर असं चालतं आणि गॅस टेस्टिंगचंही सर्टिफिकेट लागतं.

खदानीच्या बाहेरचं काम, म्हणजे रस्ता, विहीर, पाया, बिल्डिंग पाडणं, हे सगळं पेसोकडे, म्हणजे स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याकडे, आणि पेसोचं मुख्यालयच आपल्या सेमिनरी हिल्सला आहे. सगळ्या देशाचे लोक ज्या ऑफिससाठी नागपूरला येतात ते तुला सिटी बसवर आहे, तर एजंटला पैसे देऊ नको, स्वतः जा आणि शॉटफायररच्या परमिटला काय काय लागतं ते लिहून घे. आपल्या खेड्यांत ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर घेऊन विहिरी फोडत फिरणारे असतात ना, ते पण याच परमिटखाली यायला पाहिजेत, किती येतात ते तुलाही माहीत आहे. त्यांच्यात जाऊ नकोस.

पण डीजीएमएसच्या परीक्षेला बसायला अनुभव लागतो आणि अनुभव म्हणजे मॅनेजरने सही करून दिलेला अनुभव. तुझी तीन वर्षं कुठे लिहिलेली आहेत का? खदानीच्या कामगारांच्या रजिस्टरमध्ये तुझं नाव आहे का, हजेरी लागते का, पीएफ कापतात का? व्हीटीसीचं, म्हणजे खाण कामगारांच्या ट्रेनिंग सेंटरचं ट्रेनिंग झालं का, कामावर घेताना मेडिकल झालं का, छातीचा एक्सरे काढला का? यातलं काहीच नसेल तर मला सांगायला वाईट वाटतं पण कागदावर तू त्या खदानीत कधी गेलाच नाहीस. तीन वर्षं उन्हात राबलास, मे महिन्यात ४५ डिग्रीत बेंचवर उभा राहिलास, आणि परीक्षेच्या फॉर्मवर ते शून्य. म्हणून सेठशी पहिलं बोलणं पगाराचं नाही करायचं, रजिस्टरचं करायचं. फर्स्ट एडचं सर्टिफिकेट मात्र तू आत्ताच काढू शकतोस, सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा कोर्स असतो, परीक्षेला ते लागतंच, त्यासाठी कोणाची परवानगी नको.

डिमोलिशनचं स्वप्न मोडायची माझी इच्छा नाही पण जे आहे ते सांगतो. ट्विन टॉवर २८ ऑगस्ट २०२२ ला पाडले, ३७०० किलोच्या आसपास स्फोटकं, उंची साधारण १०० मीटर, आणि दहाएक सेकंदात खाली. व्हिडिओत ते दहा सेकंदच दिसतात. त्याच्या मागे महिनोन्महिने कॉलम मोजणं, होल पाडणं, जाळ्या गुंडाळणं, कोणता मजला किती मिलिसेकंदांनी सुटेल याचा हिशोब, आणि दक्षिण आफ्रिकेची कंपनी सोबत. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्याच्या चांदणी चौकातला पूल उडवला, ६०० किलोच्या आसपास बारूद लागली, आणि तरी पूल पूर्ण पडला नाही, उरलेला मशीन लावून काढावा लागला. सांगायचं हे की एवढी तयारी करूनही जुनं काँक्रीट आणि लोखंड हिशोब चुकवतं, आणि अशी कामं आपल्या देशात वर्षातून कितीशी निघतात? बाकी सगळ्या बिल्डिंगी ब्रेकरनेच पाडतात. त्यावर पोट भरायचं असं आत्ता ठरवू नकोस.

पोट भरतं ते दगडावर, आणि दगड आपल्याकडे पुष्कळ. एकाच नागपूर जिल्ह्यात पश्चिमेला काळा बसाल्ट, मनसर-खापाकडे मँगनीज, उमरेड-कामठीला कोळसा, शिकायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. मँगनीजवाली मॉइल आणि कोळशाची डब्ल्यूसीएल, दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्य ऑफिसं इथेच. मॉइल मेट आणि ब्लास्टरच्या जागा काढते, डब्ल्यूसीएल सरदारच्या. कोळशाच्या ओपनकास्टमध्ये कॉन्ट्रॅक्टरचे पॅच, म्हणजे ठेक्याने दिलेले खाणीचे तुकडे चालतात, तिथे ब्लास्टिंग क्रूमध्ये हेल्पर लागतात, आणि बारूदच्या कंपन्यांच्या पंपाच्या गाड्या असतात ज्या साइटवर इमल्शन, म्हणजे पातळ बारूद तयार करून थेट होलमध्ये सोडतात, त्या गाड्यांवर फिटर लागतोच, तुझं आयटीआय तिथे कामी येईल. बोगद्यांचंही आहे, समृद्धीवरचा इगतपुरी-कसारा बोगदा ड्रिल आणि ब्लास्ट करूनच खोदला. अशा ठिकाणी पहिल्या वर्षी पैसे तुझ्या आत्ताच्यापेक्षा कमी मिळतील कदाचित, पण नाव चढेल, आणि इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर, कंपन मोजायची मशीन, हे सगळं हाताखालून जाईल. पुढची लाइन तीच आहे. खदानीजवळच्या गावातल्या घरांना हादरे किती बसले तर चालतात याची मर्यादा १९९७ पासून ठरलेली आहे, कमी फ्रिक्वेन्सीला ५ मिलीमीटर प्रति सेकंद, आणि ज्याला ती मर्यादा सांभाळून दगड फोडता येतो त्याला काम शोधत फिरावं लागत नाही. अजून शिकायचं मनात असेल तर इथल्या सरकारी पॉलिटेक्निकमधल्या मायनिंग डिप्लोमाची चौकशी कर.

आता आई. बाजारगावला डिसेंबर २०२३ मध्ये ९ जण गेले, त्यात आपल्याच भागातली पोरं पोरी होत्या, ते ऐकून कोणत्या आईला झोप लागेल. तो स्फोट कारखान्यातला होता, माल बनतो तिथला, तुझं काम वेगळं आहे, हे तिला सांग. पण तेवढं सांगून तिला गप्प बसवू नकोस, कारण आत्ता तू ज्या पद्धतीने काम करतोयस ते बघता तिचं रडणं बरोबर आहे. तिला खोटा धीर देण्यापेक्षा, मी हात लावणं बंद केलं, परीक्षेच्या मागे लागलोय, नाव असलेल्या जागी काम बघतोय, हे करून दाखव आणि मग सांग. स्थळांचंही तेच, मुलीच्या बापाला बारूदची भीती कमी आणि बिनकागदाच्या नोकरीची जास्त असते. तुझ्या हातात सर्टिफिकेट आणि पगाराची स्लिप आली की बोलणं बदलेल.

आणि तिला बारूदची भीती वाटते, मला तुझ्या ड्रिलच्या धुळीची जास्त वाटते. तुमचं ड्रिल पाण्याने चालतं का कोरडंच? कोरडं असेल आणि तू गमछा बांधून तीन वर्षं त्या धुळीत उभा असशील तर सिलिकोसिसचा विचार आत्ताच करायला पाहिजे, तो आजार एकदा फुफ्फुसात बसला की परत जात नाही आणि सुरुवातीला कळतही नाही. कानही तपासून घे. मेडिकल नाहीतर मेयो, कोणत्याही एका सरकारी हॉस्पिटलात जा, छातीचा एक्सरे काढ आणि डॉक्टरला स्पष्ट सांग की मी दगडाच्या खदानीत ड्रिलवर काम करतो, नाहीतर नुसता खोकला समजून सिरप लिहून देतात.

या आठवड्यात सेठकडे जा, भांडायला नाही. म्हण की मला ब्लास्टरची परीक्षा द्यायची आहे, माझं नाव रजिस्टरला घ्या, व्हीटीसीला पाठवा, आणि सर्टिफिकेटवाले काका ब्लास्टच्या दिवशी हजर राहू देत, मी त्यांच्या हाताखाली शिकतो. हो म्हणाला तर त्याला पण एक स्वतःचा ब्लास्टर तयार होतो, समजदार माणूस असेल तर ऐकेल. टाळायला लागला, बघू करू म्हणायला लागला, तर उमरेड, गोंडेगाव, सावनेरकडचे पॅच आहेत, तिकडच्या कॉन्ट्रॅक्टरकडे चौकशी सुरू कर आणि महिना भरला की निघ. मॅनेजर, सर्टिफिकेटवाला ब्लास्टर आणि मॅगझिनचं रजिस्टर या तीन गोष्टी डोळ्यांनी बघूनच नवीन जागा धर. सेठ काय म्हणाला आणि एक्सरेत काय आलं ते दोन्ही मला लिहून कळव, परीक्षेच्या फॉर्मचं त्यानंतर सविस्तर सांगतो.